वास्तूवरील अभियोग

कायद्याच्या दृष्टीने घर ही मोठी सरळ वस्तू आहे. चार सीमा, एक मालक, असल्यास काही भाडेकरू, आणि दप्तरात एक नोंद. आम्हां वकीलमंडळींपुढे घरांचे जे वाद येतात ते भिंतीचे, वाटेचे किंवा वारसाहक्काचे असतात. परंतु ज्यांचा उल्लेख कोणत्याही खरेदीखतात नसतो असे असंख्य रहिवासी प्रत्येक वास्तूत नांदत असतात. डोळ्यांस न दिसणारे हे सूक्ष्म जीव जमिनीच्या ओलीत, पाण्याच्या टाकीत, छपराच्या सांदीत आणि माणसाच्या श्वासात वस्ती करून असतात. त्यांतील बहुसंख्य निरुपद्रवी, कित्येक उपयोगी, आणि थोडे प्राणघातक. या थोड्यांचा घरातील नेमका पत्ता कोणता, हा प्रश्न केवळ वैद्यांचा आहे असे वरवर पाहता वाटेल. परंतु सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी मुंबई-पुण्यास हा पत्ता चुकला, आणि त्या चुकीपायी सरकारचे हात लोकांच्या देवघरापर्यंत जाऊन पोचले. त्या काळी साक्षात घरावरच एक अभियोग चालला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. त्या अभियोगाचा पुरावा कसा जमला, निकाल कसा फिरला आणि त्यातून आपण काय घ्यावे, हे वाचकांपुढे मांडण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम त्या काळची समजूत ध्यानी घेतली पाहिजे. रोग हे दूषित हवेपासून होतात, आणि कुजक्या जमिनीतून, दलदलीतून व कोंदट घरांतून ती हवा निघते, असे युरोपातील वैद्य शतकानुशतके मानीत आले होते. या समजुतीचे स्मारक पाहावयास गोमंतकीयांस दूर जावयास नको. मांडवी नदीच्या काठची जुनी गोवे नगरी एके काळी पूर्वेकडील पोर्तुगीज सत्तेचे वैभव होती. साथींमागून साथी आल्या, वस्ती ओसरत गेली, आणि १७५९ साली व्हाइसरॉयने आपले वास्तव्य पणजीस हलविले. १७७० च्या दशकात, मार्किस द पोंबालच्या अमदानीत, ती नगरी पुन्हा वसविण्याचा घाट घातला गेला, तोही फसला. अखेर १८४३ साली पणजीस राजधानीचा अधिकृत दर्जा मिळाला. नगरीची हवा वाईट, एवढाच ठपका त्या काळी ठेवला गेला. हिवताप डासांच्या द्वारे आणि पटकी दूषित पाण्याच्या द्वारे पसरते, हे ज्ञान तेव्हा कोणास असणार? शिक्षा शहरास झाली. अपराधी मात्र विहिरींत आणि डबक्यांत सुखरूप राहिले.

याच समजुतीची दुसरी आणि अधिक कठोर आवृत्ती १८९६ साली मुंबईस निघाली. बंदरालगतचा मांडवी विभाग हा धान्याच्या वखारींचा व दाट वस्तीच्या चाळींचा. त्या सालच्या सप्टेंबरात तेथे एक विलक्षण ताप सुरू झाला. काखेत किंवा जांघेत गाठ उठे आणि रोगी थोड्याच दिवसांत दगावे. हा ग्रंथिक सन्निपात, म्हणजेच प्लेग होय, असे निदान प्रथम निर्भयपणे करणारे डॉक्टर आकासियो गाब्रिएल व्हियेगश हे मूळचे बार्देशातील हडफड्याचे. पुढे १९०६ साली ते मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले, आणि धोबीतलावाजवळ त्यांचा पुतळा आहे. त्यांचे निदान प्रारंभी कित्येकांच्या पचनी पडले नाही, कारण प्लेग जाहीर होणे म्हणजे बंदराच्या व्यापारावर गदा येणे. परंतु निदान खरे ठरले. रोगाचा जंतूही तेव्हा अज्ञात नव्हता. १८९४ साली हाँगकाँग येथे अलेक्झांडर येर्सिन याने तो शोधून काढला होता. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईतच प्लेगची लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली.

म्हणजे आरोपी कोण हे कळले होते. तो राहतो कोठे आणि एका माणसापासून दुसऱ्या माणसापर्यंत जातो कसा, हे कळले नव्हते. आणि या अज्ञानाच्या पोकळीत ती जुनी समजूत पुन्हा येऊन बसली. जंतू घराच्या जमिनीत, भिंतींत आणि कोंदट हवेत मुरलेला असला पाहिजे, असे अधिकाऱ्यांनी गृहीत धरले. मग घरास शासन सुरू झाले. भिंतींस चुना फासला गेला, जमिनी उकरल्या गेल्या, सूर्यप्रकाश आत यावा म्हणून छपरांची कौले उतरविण्यात आली, सामानसुमान जाळण्यात आले. गटारांतून कार्बोलिक आम्लाचे पाणी सोडण्यात आले. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर तशा अर्थाची इंग्रजी अक्षरे रंगविली गेली. भयभीत होऊन मुंबईची जवळजवळ निम्मी वस्ती थोड्याच महिन्यांत शहर सोडून गेली. आणि ज्या वाटांनी माणसे गेली त्याच वाटांनी साथही देशावर व दक्षिणेकडे पसरली.

या सर्वास कायद्याचा आधार हवा होता, तो ४ फेब्रुवारी १८९७ च्या साथीच्या रोगांच्या कायद्याने दिला. हा कायदा अवघ्या चार कलमांचा. दुसऱ्या कलमाने सरकारास जवळजवळ अमर्याद अधिकार दिले; तिसऱ्याने आज्ञाभंग दंडनीय ठरविला; आणि चौथ्याने, सद्हेतूने केलेल्या कोणत्याही कृत्याबद्दल कोणावरही दावा चालणार नाही, अशी हमी दिली. आम्हांस नेहमी विचार करावयास लावते ते हे चौथे कलम. सद्हेतू आणि सद्ज्ञान या दोन भिन्न गोष्टी होत. ज्याचा हेतू शुद्ध आहे परंतु ज्याची माहिती चुकीची आहे, त्याच्या हाती अमर्याद अधिकार आले म्हणजे काय होते, याचा अनुभव पुण्याने त्याच वर्षी घेतला. प्लेग कमिटीचे अध्यक्ष वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या देखरेखीखाली गोरे सोजीर घरोघर तपासणीस शिरले. पादत्राणांसह स्वयंपाकघरात जाणे, देवघरातील वस्तूंस हात घालणे, स्त्रियांची तपासणी, रोग्यास कुटुंबापासून ओढून नेणे, अशा तक्रारींनी तेव्हाची वृत्तपत्रे भरली. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळी झाडली. पुढील इतिहास सर्वश्रुत आहे.

हत्येचे समर्थन करणे हा या लेखाचा हेतू नव्हे, किंवा सरकारी यंत्रणेत सर्वच दुष्ट होते असेही आम्हांस सुचवावयाचे नाही. आमचा मुद्दा वेगळा आहे. घरात शिरण्याचा अधिकार ज्या गृहीतकावर उभा होता ते गृहीतकच मुळी सिद्ध झालेले नव्हते. न्यायालयात असा पुरावा आम्ही दाखल केला असता तर न्यायाधीशांनी पहिल्याच दिवशी तो फेटाळला असता.

वास्तविक एक साक्षीदार प्रारंभापासून डोळ्यांदेखत मरत होता. घरात उंदीर पडू लागले की घर सोडावे, माळावर झोपड्या बांधून राहावे, ही जाण प्लेगच्या काळात महाराष्ट्रात आणि बेळगाव-धारवाडकडे घरोघर होती. ही जाण जुनीही होती. जहांगीर बादशहाच्या आत्मवृत्तात आग्र्याच्या साथीची एक नोंद आहे: एका मोठ्या घराच्या अंगणात एक उंदीर मद्यप्याप्रमाणे झोकांड्या खात आला, दासीने तो शेपटीस धरून मांजरापुढे टाकला, मांजराने तोंडात घेऊन तो तिटकाऱ्याने सोडून दिला, मग मांजर आजारी पडले आणि पुढे त्या दासीस गाठ येऊन ती मेली. सतराव्या शतकातील ही साक्ष. माळावर गेलेली माणसे पुष्कळदा वाचत, हे सर्व पाहत होते. परंतु ती चांगल्या हवेत गेली म्हणून वाचली, असा अर्थ अधिकारी लावीत. उंदरांपासून दूर गेली म्हणून वाचली, असा अर्थ लावावयास आणखी एका दुव्याची गरज होती.

तो दुवा पॉल लुई सीमाँ या फ्रेंच वैद्याने शोधला. जून १८९८ मध्ये कराचीस त्याने एक साधा प्रयोग केला. एका बरणीत पिसवा असलेला प्लेगग्रस्त उंदीर ठेवला. त्याला स्पर्श होणार नाही अशा रीतीने जाळीच्या पिंजऱ्यात एक निरोगी उंदीर आत टांगला. थोड्याच दिवसांत दुसरा उंदीर प्लेगने मेला. पिसवाच नसलेल्या आजारी उंदराजवळ निरोगी उंदीर ठेवले तेव्हा ते निरोगीच राहिले. उंदीर मेला की त्याचे अंग थंड पडते, पिसू दुसरे उबदार अंग शोधते, आणि ते अंग माणसाचे असले म्हणजे माणसास प्लेग होतो. उपपत्ती इतकी स्पष्ट. परंतु हिंदुस्थान सरकारने नेमलेल्या पहिल्या प्लेग कमिशनला ती पटली नाही.

यानंतर जे घडले तो आमच्या मते या हकीकतीचा सर्वांत मोलाचा भाग आहे. १९०५ साली भारतमंत्री, लंडनची रॉयल सोसायटी व लिस्टर इन्स्टिट्यूट यांच्या वतीने दुसरे संशोधन मंडळ मुंबईस आले. परळच्या जुन्या राजभवनात हाफकिन यांची प्रयोगशाळा होती, तेथे या मंडळाचे काम चालले. या मंडळींनी तर्कवितर्क बाजूस ठेवले आणि चक्क घरे बांधली. सहा झोपड्या, सर्व बाबतींत सारख्या. भेद केवळ छपराचा. दोन झोपड्यांवर देशी नळीची कौले, ज्यांत उंदीर सहज घर करतात. दोहोंवर चपटी कौले, ज्यांत उंदरांस तितकी सोय नसते. आणि उरलेल्या दोहोंवर पन्हळी पत्रा. छपराखाली तारेची जाळी ताणली, की जिच्यातून उंदीर किंवा त्यांची लेंडी खाली येणार नाही, पण पिसू मात्र पडू शकेल. मग आत गिनीपिग सोडले. पत्र्याच्या छपराखालचे गिनीपिग सुखरूप राहिले. संकट आले ते ज्या छपरात उंदरांची वस्ती होती त्या छपराखालीच.

मग हवेची उलटतपासणी झाली. प्लेगने ग्रासलेल्या झोपडीत काही गिनीपिग जमिनीवर मोकळे सोडले, काहींचे पिंजरे जमिनीपासून दोन इंच उंचीवर ठेवले, आणि काहींचे दोन फूट उंचीवर टांगले. जमिनीवरचे आणि दोन इंचांवरचे बाधले. दोन फुटांवरचे बाधले नाहीत. तिघांनाही हवा तर एकच होती! उंदराची पिसू सुमारे पाच इंचांहून अधिक उंच उडी मारू शकत नाही, हे आधीच मोजून ठेवले होते. पुढे जमिनीचीही तपासणी झाली. पिसवा नसतील तर आजारी व निरोगी गिनीपिग एकाच न झाडलेल्या झोपडीत, एकमेकांच्या मलमूत्रात राहूनही साथ पसरली नाही. पिसवा सोडल्या की त्यांच्या संख्येच्या प्रमाणात ती फैलावू लागली. शहरातील खऱ्या प्लेगच्या घरांतही जोडीजोडीने प्राणी ठेवण्यात आले, एकाच्या भोवती चिकट कागदाचे कडे आणि दुसऱ्याच्या भोवती नुसती वाळू. चिकट कागदाच्या आतील एकही प्राणी प्लेगने दगावला नाही.

निकाल उघड होता. हवा निर्दोष, जमीन निर्दोष, भिंत निर्दोष. अपराधी छपरात व बिळांत उंदरांबरोबर राहत होता आणि पिसवेच्या पाठीवर प्रवास करीत होता. मंडळास आणखी एक गोष्ट आढळली: साथ प्रथम गटारांतील तपकिरी उंदरांत येते आणि काही दिवसांनी घरातील काळ्या उंदरांत. तेव्हा ज्यांनी गटारांत कार्बोलिक ओतले आणि कौले उतरविली, त्यांनी उंदरांस एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पिटाळण्यापलीकडे फारसे काही साधले नसावे. मांडवीच्या धान्यवखारींपासून साथ सुरू व्हावी यातील कार्यकारणभावही आता ध्यानात आला. ज्ञान नेमके होताच उपायही सौम्य होतात. घर जाळावयास नको, देवघरात शिरावयास नको. धान्य बंदोबस्ताने ठेवा, उंदरांस थारा देऊ नका, उंदीर पडताच काही दिवस घर सोडा, लस टोचून घ्या. अर्थात इतिहासाशी प्रामाणिक राहून हेही सांगितले पाहिजे, की सरकारची सक्ती या ज्ञानाआधीच बरीचशी ढिली झाली होती. मार्च १८९८ मध्ये मुंबईस दंगा झाला, लोकांचा विरोध सर्वत्र वाढला, तेव्हा सक्तीऐवजी समजुतीचा मार्ग धरणे सरकारास भाग पडले. शास्त्राने जे मागाहून सिद्ध केले ते लोकांच्या असंतोषाने आधीच पदरात पाडून घेतले होते. मात्र प्लेगने पुढील दोन-अडीच दशकांत या देशात एक कोटीच्या आसपास बळी घेतले, हे विसरून चालणार नाही. केवळ विरोधाने रोग हटत नाही.

येथे हकीकत संपली असती तर घरास निष्कलंक ठरवून आम्ही लेखणी ठेवली असती. परंतु एका अभियोगातून सुटलेला आरोपी दुसऱ्यात दोषी असू शकतो. प्लेगच्या धास्तीने १८९८ च्या कायद्यान्वये मुंबई इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दाट वस्त्या पाडल्या, रुंद रस्ते काढले, दादर-माटुंग्याकडे नव्या वसाहती आखल्या. पाडलेल्या घरांच्या मानाने गरिबांसाठी बांधलेली घरे अपुरी पडली, आणि हलविलेली माणसे शेजारच्या चाळींत अधिकच दाटीने राहू लागली, हा ट्रस्टवरील आक्षेप रास्तच होता. तथापि ट्रस्टचे एक प्रमुख जे. पी. ऑर यांनी धरलेला एक नियम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. प्रत्येक खोलीच्या खिडकीसमोर साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनात आकाश मोकळे असावे. म्हणजे समोरची इमारत जितकी उंच, त्याच्या निदान निम्मे अंतर मध्ये मोकळे सोडावे. प्लेगशी या कोनाचा काडीचा संबंध नव्हता. पण अंधाऱ्या, वारा न खेळणाऱ्या खोल्यांत दुसरा एक रोग मुकाट्याने माणसे नेत होता, तो म्हणजे क्षय.

क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली दाखवून दिला होता. परंतु तो घरातील हवेतून जातो याचा निर्विवाद पुरावा मिळावयास आणखी पाऊणशे वर्षे लागली, आणि तो पुरावाही गिनीपिगांनीच दिला. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत बाल्टिमोर येथे विल्यम वेल्स व रिचर्ड रायली यांनी सहा खाटांच्या एका क्षयरोगी कक्षातील सर्व हवा नळीवाटे वरच्या एका खोलीत नेली. तेथे ठेवलेल्या गिनीपिगांना रोग्यांची ती हवा तेवढी मिळे. दोन वर्षांत त्यांतील ७१ प्राण्यांस क्षयाची बाधा झाली. तीच हवा अतिनील किरणांतून शुद्ध करून दिली तेव्हा कोणासही बाधा झाली नाही. परळला जी हवा निर्दोष ठरली ती बाल्टिमोरला दोषी ठरली. यात विसंगती नाही; आरोपी निराळा, त्याची चाल निराळी. एका जंतूचा न्याय दुसऱ्यास लावता येत नाही, हाच यातील धडा.

तिसरा अभियोग पाण्यावरचा. जुलै १९७६ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी एका नामांकित हॉटेलात माजी सैनिकांचे संमेलन भरले होते. त्यानंतर न्युमोनियासारख्या तापाने सुमारे दोनशे माणसे आजारी पडली आणि तीसच्या आसपास मृत्युमुखी पडली. कित्येक महिने कारण सापडेना. हॉटेलास टाळे लागले. १९७७ च्या प्रारंभी एक अज्ञात जंतू सापडला, त्यास त्या सैनिकांवरूनच लीजनेला हे नाव मिळाले. थंड हवेच्या मोठ्या यंत्रांचे शीतक मनोरे, साठून राहिलेले कोमट पाणी, क्वचित वापरले जाणारे नळ, ही त्याची वसतिस्थाने होत, हे पुढील साथींत पुनःपुन्हा दिसून आले. पाण्याचे बारीक तुषार श्वासावाटे आत गेले की तो माणसास गाठतो. येथे खरोखरच इमारत अपराधी होती, आणि तीही गरिबाची चाळ नव्हे तर श्रीमंती हॉटेल.

आज जंतूंचे आनुवंशिक घटक वाचण्याची विद्या इतकी पुढे गेली आहे की घरातील अदृश्य वस्तीची जणू शिरगणतीच करता येते. २०१४ साली अमेरिकेत सात कुटुंबांच्या दहा घरांचा असा अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रत्येक घरातील जंतूंचा मेळ त्या त्या कुटुंबाच्या अंगावरील जंतूंशी जुळत होता. आणि जे कुटुंब नव्या घरी राहावयास गेले, त्याच्यामागोमाग एका दिवसाच्या आत नव्या घरातील वस्तीही जुन्या घरासारखी होऊ लागली. गृहप्रवेशाच्या वेळी आपण कलश घेऊन उंबरठा ओलांडतो तेव्हा आपला हा परिवारही निमंत्रणावाचून आत येतो, असे म्हणावयास हरकत नाही. त्यातील बहुतेकांशी आपले पिढ्यान्पिढ्यांचे सख्य आहे. तेव्हा सर्वांचा सरसकट नायनाट करण्याचा हव्यास व्यर्थ होय. ज्याच्यापासून अपाय आहे त्याचा पत्ता शोधावा आणि तेवढाच मार्ग रोखावा.

या हकीकतीचा आमच्या वाचकांशी प्रत्यक्ष संबंध येतो तो दोन ठिकाणी. पहिला कायद्याचा. १८९७ चा तो चार कलमी कायदा कोविडच्या साथीत २०२० साली पुन्हा उपयोगात आला, देवळांचे दरवाजेही तेव्हा बंद झाले. संकटकाळी सरकारास अधिकार असावेत याबद्दल आमचे दुमत नाही. परंतु घराच्या किंवा देवळाच्या उंबऱ्याआत येणाऱ्या प्रत्येक आज्ञेस, हा जंतू कोठे राहतो व कसा जातो याचा पुरावा काय, असा प्रश्न नागरिकांनी नम्रपणे पण निश्चयाने विचारला पाहिजे. आणि पुरावा मिळाला तर ती आज्ञा मनापासून पाळलीही पाहिजे. पुण्याच्या हकीकतीतून केवळ पहिला अर्धा भाग घेणे म्हणजे अर्धाच धडा शिकणे होय.

दुसरा संबंध बांधकामाचा. देवस्थानची नवी अग्रशाळा किंवा सभागृह उभे राहते तेव्हा महाजन मंडळी संगमरवराचा आणि कमानींचा विचार हौसेने करतात. उत्सवात शेकडो माणसे तेथे एकत्र निजतात, जेवतात. खोल्यांस समोरासमोर खिडक्या आहेत काय आणि त्या उघडतात काय. वर्षातून चार दिवस वापरल्या जाणाऱ्या नळांतील साचलेले पाणी यात्रेआधी वाहू दिले जाते काय. छपरावरच्या टाक्या झाकलेल्या आणि धुतलेल्या आहेत काय. कोठीतील तांदूळ-नारळ उंदरांपासून सुरक्षित आहेत काय, हे चार प्रश्न आराखडा मंजूर करण्याच्या बैठकीत कोणीतरी विचारावेत. जुन्या चौकीच्या घरांत राजांगणातून ऊन आणि वारा घरभर फिरे. ते ज्या कारणाने बांधले गेले असेल ते असो, त्याचा लाभ होत होता. बंद काचांच्या वातानुकूलित खोल्या बांधताना तो लाभ आपण सोडीत आहो, हे निदान ठाऊक असावे. परळच्या त्या सहा झोपड्यांत फरक होता तो केवळ छपराचा, आणि तेवढ्यावर आतील जीवांचे जगणे-मरणे ठरले, ही गोष्ट ज्यांच्या हाती बांधकाम आहे त्यांनी विसरू नये.